कागदाएवढी इच्छा

होर्ना यासेन्का, १७ जानेवारी १९९४

प्रिय ब्लांके,

हे पत्र तुझी आजी एतेला सांगतेय आणि टपाल कचेरीतली हर्मिना लिहून घेतेय. अक्षर सुंदर दिसलं तर श्रेय तिचं. मजकुरात मूर्खपणा दिसला तर तोही तिच्याच नावावर टाक, कारण ती काय लिहिते ते मी कुठे वाचणार? (आजी सांगतात तेच लिहिते आहे. – हर्मिना) बघ, बोललीच.

डुक्कर कापलं. सॉसेज बसच्या ड्रायव्हरकडे दिलेत. अर्धे पोचले तर माणूस प्रामाणिक समज.

आता मुद्द्याचं. माझा उजवा खुबा गेला. गेला म्हणजे आहे जागेवरच, पण काम करत नाही, आमच्या सरपंचासारखा. जिल्ह्याच्या दवाखान्यात एक डॉक्टर आहे, कोवळा, बोलताना कान लाल होतात त्याचे. तो म्हणाला, "आजीबाई, झिजलेलं काढू आणि पोलादी सांधा बसवू." सांधा इंग्लंडहून येतो. त्याच्यासोबत एक इंग्रजी कागद येतो आणि त्याखाली पंधरा मार्चच्या आत सही करायची. मी म्हटलं, "अरे, मला आपलीच भाषा वाचता येत नाही, तू इंग्रजी हातात देतोस?" तर म्हणतो, "सगळेच न वाचता करतात, आजीबाई."

सगळ्यांचं मला माहीत नाही. मी एकतीस वर्षं लाकूडकापणीच्या कारखान्यात यंत्रांना तेल घातलं. सोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय एक बेअरिंग बसवू दिलं नाही. मग माझ्याच बुडाखाली बसवायचं तर कसं चालेल? (मूळ शब्द वेगळा होता. – हर्मिना)

सही केली नाही तर पानगळीपर्यंत कुबड्या आणि मग खाट. खाट म्हणजे जिल्ह्याचा वृद्धाश्रम. तिथल्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, मी बघून आलेय. सही केली आणि आत भलतंच काही लिहिलेलं निघालं, तर तक्रार करायला मी नसेन. म्हणून कागद सोबत पाठवते. तू इंग्रजी यंत्रांना आपली भाषा शिकवतेस म्हणे, आणि त्याचाच पगार घेतेस. मग ह्याही यंत्राला शिकव.

मी का शिकले नाही, असं तू लहानपणी विचारायचीस. शाळा डोंगरापलीकडे, बुटांचा जोड एक आणि भावंडं चार. माझी पाळी येईपर्यंत उन्हाळा लागायचा आणि उन्हाळ्यात हंस राखायचे असायचे. हंस शिकवू शकले असते, पण त्यांनाही वेळ नव्हता.

तुझी आजी


ब्रातिस्लावा, २६ जानेवारी १९९४

प्रिय आजी,

सॉसेज पोचले. ड्रायव्हर तीन-चतुर्थांश प्रामाणिक आहे.

कागदाचं भाषांतर सोबत आहे, पण त्याआधी एक कबुली. मी इंग्रजी यंत्रांना भाषा शिकवते हे आईने गावभर सांगितलंय. खरं म्हणजे यंत्रंच मला शिकवतायत आणि मी नापास होतेय. सध्या एका इंग्रजी करवतयंत्राचं सूचनापुस्तक आपल्या भाषेत आणतेय. पहिली वीस पानं दिली तर द्रगोनसाहेब, म्हणजे आमचे मुख्य इंजिनियर, लाल पेन्सिल घेऊन बसले. इंग्रजीत एकाच शब्दाचे दहा अर्थ, आणि मी विद्यापीठात शिकलेला अर्थ नेहमी नेमका अकरावा! नटाला मी अक्रोड लिहिलं. बुशला झुडूप. फिरत्या दांड्याचा बेअरिंगमधला जो भाग, त्याला इंग्रजीत जर्नल म्हणतात, आणि त्याचा अर्थ मला दैनंदिनी एवढाच माहीत होता. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या यंत्रात झुडपाखाली अक्रोड वेचत कुणीतरी रोजनिशी लिहितंय. बाग छान आहे. फळ्या कधी कापायच्या?" पूर्ण विभाग हसला. मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

तर तुझा कागद. कलमं बरीच आहेत. पहिल्या चारांचं भाषांतर पाठवतेय, बाकीचं पुढच्या पत्रात. एक: रोग्याला गोळा, कप आणि देठ बसवण्यात येतो. दोन: देठ मांडीत लावतात. तीन: कप सिमेंटने पक्का करतात. चार: सांध्यात योग्य तेवढा खेळ ठेवलेला असतो.

काही समजलं नाही तर विचार.

तुझी ब्लांका


होर्ना यासेन्का, ३ फेब्रुवारी १९९४

ब्लांके,

हर्मिनाने वाचलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की टपाल घ्यायला आलेल्या पाद्रीबाबांना वाटलं, आम्ही दुपारीच आलुबुखाराची दारू उघडली. (उघडली नव्हती. – हर्मिना) उघडली होती.

म्हणजे माझ्या मांडीत देठ लावणार, वर चहाचा कप ठेवणार आणि खुब्यात खेळ होणार. मी म्हटलं, ह्या वयात एवढं सगळं सोसेल का मला?

ऐक आता. तुझं शिक्षण मोठं आणि माझं काहीच नाही, म्हणून मला सोपं जातं, विसरायला काही नसतं. कप नाही ग, वाटी. खुब्याचा गोळा वाटीत फिरतो, देवाने तसाच केलाय, इंग्रजांनी नक्कल केलीय. देठ म्हणजे दांडा. आणि तुझी ती दैनंदिनी, तिला आम्ही दांड्याची मान म्हणायचो, कारण ती गळपट्टा घातल्यासारखी बेअरिंगमध्ये अडकलेली असते. तुझ्या अक्रोडाला मुटर्का म्हणायचं. बोल्ट तिच्यात जातो आणि ती त्याला धरून ठेवते. का मुटर्का ते विचारू नकोस, हर्मिना लाल झालीय.

आता खेळाचं. दोन फिरत्या भागांमध्ये केसाएवढी जी मोकळी जागा ठेवतात ना, तिला आपल्याकडे वोल्या म्हणतात. वोल्या म्हणजे इच्छा. माणसाला असते तीच, मेल्यावर शेवटची म्हणून जी कागदावर उतरवतात तीच. बेअरिंगला इच्छा असावी लागते. फार असली तर दांडा खडखडतो, आणि अजिबात नसली तर तापतो, धूर सोडतो आणि जाम होतो. नवऱ्यासारखंच. आम्ही सिगारेटचा पातळ कागद मधून ओढून बघायचो. कागद अडकत अडकत आला की इच्छा बरोबर. सर्रकन आला की जास्त. फाटला की काहीच नाही.

तेव्हा तुझ्या पुस्तकात कुठे "इच्छा काढा" असं असेल तर सांभाळ. सगळी कधीच काढायची नसते. कागदाएवढी राहू द्यायची.

पुढची कलमं लवकर पाठव. पंधरा मार्च काही माझ्यासारखा लंगडत येणार नाही.

आजी


ब्रातिस्लावा, १३ फेब्रुवारी १९९४

प्रिय आजी,

तू माझी नोकरी अर्धी वाचवलीस आणि अर्धी घालवलीस.

आधी घालवलेली. मी तुझे शब्द अभिमानाने लिहून दिले. द्रगोनसाहेब मान डोलावत वाचत गेले आणि मुटर्कावर थांबले. "ही तुमची आजी आपली आहे की व्हिएन्नाची?" म्हणाले. तुझे मुटर्कासारखे शब्द जर्मन निघाले, आजी! कारखाना ऑस्ट्रियन काळात उभा राहिला, त्या फोरमनांनी आणले आणि तुम्ही आपलेसे केले. छापील पुस्तकात मुटर्का चालत नाही, मातित्सा पाहिजे. साहेबच म्हणाले, "पण गंमत बघा, मुटर्का ज्यावरून आली तो जर्मन 'मुटर' म्हणजे आई आणि आपली मातित्साही आईवरूनच आलेली. अक्रोड फक्त इंग्रजांना सुचला."

आता वाचवलेली. "इच्छा" वाचून ते म्हणाले, "हा शब्द विद्यापीठाने तुम्हाला दिलेला नाही." आणि पुस्तकात एका जागी मी खरोखरच लिहून ठेवलं होतं: दांड्याची सगळी इच्छा काढून टाका. साहेबांनी ते वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. असं छापलं असतं तर पहिल्याच दिवशी बेअरिंग जळलं असतं, म्हणाले. मी म्हटलं, आजीने सांगितलंय, कागदाएवढी ठेवायची. तर म्हणाले, "आजींना सांगा, इथे एक जागा रिकामी आहे. तुमची."

आता तुझा कागद, नव्याने आणि नीट. एक: गोळा, वाटी आणि दांडा बसवतात. दोन: दांडा मांडीच्या हाडात जातो. तीन: वाटी सिमेंटने घट्ट करतात, ते बांधकामाचं नव्हे. चार: सांध्यात योग्य तेवढी इच्छा ठेवतात. पाच: ऑपरेशन साधारण दोन तास. सहा: तिसऱ्या दिवशी उभं करतात. सात: सहा आठवडे पायावर पाय टाकून बसायचं नाही. आठ: पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा.

बस, एवढंच. सगळं साधं आहे. खुशाल सही कर.

तुझी ब्लांका


होर्ना यासेन्का, २२ फेब्रुवारी १९९४

ब्लांके,

घाईत सांगतेय, हर्मिनाला टपाल बंद करायचंय. तुझी कलमं मिळाली, तिने दोनदा वाचली. काल डॉक्टरकडे गेले होते. त्याने पाय धरून इकडेतिकडे फिरवला, एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाला, इच्छाच उरलेली नाही, आजीबाई. मलाही बरेच दिवस तेच वाटत होतं. सही केली नाही. बकरी शेजारी देऊन टाकली.

आजी


ब्रातिस्लावा, २५ फेब्रुवारी १९९४, तातडीचं

आजी,

असं कसं बोलतेस तू? इच्छा उरली नाही म्हणजे काय? बकरी का दिलीस? आईला मी काही सांगितलेलं नाही. हर्मिनाकाकू, तुम्हाला हात जोडते, रोज एक चक्कर मारा तिच्याकडे.

दोष माझा आहे. कुणीतरी तुला खरं सांगितलं असणार आणि तू धीर सोडलास. मी तुला फसवलं, आजी. कलमं नऊ होती, आठ नव्हे. खरं सहावं मी गाळलं आणि सातव्याला सहा केलं, आठव्याला सात, नवव्याला आठ. चोरटा हिशेब. गाळलेलं कलम असं: काही रोग्यांच्या पायात रक्ताची गाठ होते. काहींचा सांधा दहा-पंधरा वर्षांनी सैल होतो आणि पुन्हा कापावं लागतं. आणि थोडे जण भुलीतून उठतच नाहीत. मी ते तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. वाटलं, हे वाचलंस तर सही करणार नाहीस, मग तो वृद्धाश्रम, ती खिडकी. आणि वाटलं, तुला वाचता येत नाही, कळणार कसं?

हे शेवटचं वाक्य परत वाचलं. राहू दे. खोडत नाही.

शनिवारच्या बसने येते. तोवर काही करू नकोस.

ब्लांका


होर्ना यासेन्का, ९ मार्च १९९४

गधडे,

शनिवारी आलीस, बटाट्याच्या हालुश्कीची चार ताटं खाल्लीस, माझ्या गळ्यात पडून रडलीस, आणि मी समजावत होते तेव्हा नाक शिंकरत होतीस, म्हणून आता लिहूनच सांगते. हर्मिनाने पाटी लावलीय, "कचेरी जेवणासाठी बंद".

इच्छा माझी नाही ग संपली, खुब्याची! डॉक्टर बिचारा "फट उरलेली नाही, हाडावर हाड घासतंय" असं म्हणाला. मी हर्मिनाला आपला शब्द सांगितला. म्हटलं, आता पोरीला कळतो, शिकवलाय तिला. शिकवणी माझी आणि नापास मीच. बकरी दिली कारण वाकून दूध काढता येत नाही. मरणाऱ्या बाईने बकरी दिली तर दूध रोज चाखून बघायला शेजारी जाईल का? मी जाते.

दुसरं. मला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात. तेलाच्या डब्यांवर आकडे, दाबाच्या काट्याखाली आकडे, एकतीस वर्षं तेच वाचले. इंग्रजी कागदावर नऊपर्यंत होते, हे मी तुला पाठवण्याआधीच मोजलं होतं. तुझ्या पत्रात हर्मिनाचा आवाज आठवर थांबला. मी म्हटलं, पुढे? म्हणाली, पुढे "खुशाल सही कर". तिथेच कळलं. माझी नात कधी "खुशाल" म्हणत नाही.

मग बोलले का नाही? बघत होते, तू स्वतः ओकतेस की मला उपटून काढावं लागतं. थोडा राग होता. थोडी भीतीही, सांगते आता. तू जे माझ्यापासून लपवलंस, ते केवढं मोठं असेल असं वाटून दोन रात्री कूस बदलवत नव्हती. बदलताही येत नाही म्हणा. तू लिहिलंस तेव्हा कळलं, मी मनात त्याहून मोठं करून ठेवलं होतं.

कारखान्यात एका कारकुनाने सूचनांचा कागद उतरवून घेताना एक ओळ गाळली, पानात मावत नव्हती म्हणून. त्या ओळीपायी ओन्द्रेय मिकुशची दोन बोटं गेली. नंतर आम्ही कारकुनाला विचारलं, कुठली ओळ होती रे? त्याला आठवत नव्हतं.

तुझ्याही करवतीच्या पुस्तकात कळली नाही म्हणून उडी मारलेली एखादी ओळ असेलच. मला सांगू नकोस. साहेबांना सांग.

काल मी दवाखान्यात गेले. डॉक्टरला म्हटलं, "सहावं कलम वाचलंय मी." त्याचे कान लाल झाले.

"कुणी वाचलं, आजीबाई?"

"नातीने. आधी नाही वाचलं, मग वाचलं. तुझ्या हाताखालचे किती जण उठले नाहीत?"

इकडेतिकडे बघितलं त्याने. मला वाटलं आता कागद पुढे करेल नि म्हणेल, अशा गोष्टींचा विचार करू नये. पण तो म्हणाला, "एक."

"नाव?"

"मार्गिता शुल्याकोवा. दोन वर्षं झाली. मुलगा तिचे कपडे घेऊन गेला आणि चष्मा विसरला. अजून माझ्या कपाटात आहे."

मग मी विचारलं, वाटी-गोळ्यात इच्छा किती ठेवतोस? त्याने बोटाच्या चिमटीत दाखवली. बरोबर होती.

मग सहीच्या जागी मी तीन फुल्या काढल्या, आणि शेजारी आकड्यात माझं वय लिहिलं, त्र्याहत्तर. तेवढं येतं मला. सैल व्हायला पंधरा वर्षं लागणार असतील तर तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीची असेन आणि माझा सांधा पाद्रीबाबांनी सांभाळावा.

बावीस तारखेला आहे. येऊ नकोस. ऑपरेशनच्या दारात बसून रडणारी माणसं डॉक्टरचा हात हलवतात.

आजी


ब्रातिस्लावा, १६ मार्च १९९४

प्रिय आजी,

एक नव्हे, तीन ओळी निघाल्या. द्रगोनसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं. त्यांनी तिन्ही ओळी इंग्रजी पुस्तकात शोधून काढल्या. मग छापखान्याला फोन करून दोन आठवडे थांबायला सांगितलं आणि मला कार्यशाळेत पाठवलं, तेलकट डगला घालून. तीन दिवस एका मिस्त्रीशेजारी उभी राहिले. एका ओळीचा अर्थ होता, हात आत घालण्याआधी दांड्यात खीळ अडकवा. त्या खिळीला इंग्रजीत डॉग म्हणतात, मला त्याचा अर्थ "कुत्रा" एवढाच माहीत होता, म्हणून वाक्य वेडपट वाटलं आणि मी सोडून दिलं. मिस्त्रीने माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा साहेबांची लाल पेन्सिल बरी.

नोकरी आहे अजून. विभागात मला आता "कुत्र्यावाली" म्हणतात.

येऊ नकोस म्हणतेस तर येत नाही. पण बावीसला टेलिफोनपाशी बसणार आहे, आणि त्याला तू मनाई करू शकत नाहीस.

तुझी ब्लांका


जिल्ह्याचा दवाखाना, ५ एप्रिल १९९४

ब्लांके,

हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाई लिहून देतायत, म्हणून वाक्यं अशी सरळ आहेत. माझी जशी निघतात तशी लिहा म्हटलं, तर म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं मी ह्याच चुकांवर छडी मारली, आता माझ्या हाताने लिहू?"

उठले. भुलीतून, आणि तिसऱ्या दिवशी खाटेवरूनही. जाग आली तेव्हा डॉक्टर माझ्या तोंडाकडे इतका बघत होता, की मी म्हटलं, काय बघतोस, दात काढून ठेवलेत माझे. नर्स म्हणते, तो नंतर बाहेर जाऊन खिडकीपाशी एकटाच उभा होता.

काल ईस्टरचा सोमवार, बायकांवर पाणी उडवायचा दिवस. डॉक्टर सुईची पिचकारी भरून खाटोखाट आला आणि आम्हा म्हाताऱ्यांवर पाणी उडवत गेला. शिक्षिकाबाईंना राग आला, कारण त्यांच्यावर कमी पडलं.

नवा सांधा चालतो. आधी मला वाटलं आवाज करतोय, कान लावून बसले सवयीने, तर तो बाहेर ढकलगाडीच्या चाकाचा होता. नर्सला म्हटलं, तेल आण. आणलं तिने. खुर्चीत बसून, पायावर पाय न टाकता, मी मजल्यावरच्या सगळ्या ढकलगाड्यांना तेल घातलं. आता रात्रपाळीच्या नर्सा तक्रार करतात की गाडी मागून आली तरी कळत नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सोडतात. बाहेरच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत शंभर-सव्वाशे पावलं आहेत, खिडकीतून मोजलीत. तू दहाच्या बसने ये. डावीकडून माझा हात धर, पण हळू चाल आणि मान जरा खाली घाल. थांब्यावर आपल्या गावची माणसं असतात. त्यांना वाटलं पाहिजे, मीच तुला दवाखान्यातून घरी नेतेय.

आजी